संडासात टाकलेलं अंगणातच राहतं

‘मुदत संपलेल्या गोळ्या, इन्शुलिनच्या सुया, पॅड, डायपर कचऱ्यात टाकू नका, फ्लश करा. औषध विरघळतं, पॅड कापसाचं म्हणून कुजतं, सुई तळाला बसते. कुणाच्या हाताला लागत नाही.’ आमच्या लातूरच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर हा मेसेज महिन्यात तिसऱ्यांदा आला.

विरघळतं, मान्य. पण विरघळून जातं कुठं? आपल्याकडं कितीतरी वस्त्यांत भुयारी गटार नाही, दारातच सेफ्टी टाकी. (सेप्टिकचं ‘सेफ्टी’ कुणी केलं कोण जाणे, नावानंच घात केला.) टाकीतलं पाणी शोषखड्ड्यात, तिथून काळ्या मातीखालच्या बेसाल्टच्या भेगांत. त्याच प्लॉटवर आपला बोअर. म्हणजे गोळी विरघळली तर उलट जास्तच पंचाईत.

पॅड कापसाचं? बहुतेक पॅडांना खाली प्लास्टिकचा थर असतो, आत पाणी पिऊन फुगणारी जेल. डायपरचं तेच. आमच्याकडं ऐन लक्ष्मीपूजनाला चेंबर तुंबलं, तेव्हा फुगून उशीएवढं झालेलं डायपर निघालं. शिवाय ते ढकलायला बादल्या ओतायच्या, तेही ज्या गावाला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तिथं!

‘सुई तळाला बसते’ हे मात्र शंभर टक्के खरं. टाकी उपसायला आलेल्या माणसाचा हात नेमका तिथंच पोचतो. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी उतरवतात.

मेसेजचं मूळ कुठलं, याचा माझा अंदाज असा : केंद्रीय औषध नियामकानं 2025 मध्ये 17 औषधं फ्लश करायला सांगितली. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल अशी जालीम औषधं. चुकून लेकराच्या पोटात गेली तर जिवावर बेततं म्हणून. काकूंच्या बीपीच्या गोळ्या त्यात नाहीत, अँटिबायोटिक तर नाहीच.

मग करायचं काय? सुया फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत, झाकणाला चिकटपट्टी. गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवून बंद पिशवीत. पॅड कागदात गुंडाळून वेगळं. 2016 च्या घनकचरा नियमांतही हे वेगळंच द्यायला सांगितलं होतं. आमच्या गल्लीतली घंटागाडी सगळं एकत्रच ओतते, म्हणून मी बाटलीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहितो : ‘आत सुया आहेत.’