‘डबा वेगळा, माल एकच’ हे ऑइल फिल्टरबाबत कुठे खोटं ठरतं

गाड्यांवर बोलणाऱ्यांमध्ये एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: मोटार कंपन्या ऑइल फिल्टर, ऑइल पंप स्वतः बनवतच नाहीत. एकाच कारखान्यातला माल कंपनीच्या आणि बाहेरच्या ब्रँडच्या अशा दोन डब्यांत जातो. तेव्हा आटे जुळणारा कुठलाही बाहेरचा फिल्टर लावा, तेल वेळेवर बदला, बस्स. कंपनीचे पार्ट तरी कुठे टिकतात? आणि वॉरंटी जाते ही निव्वळ भीती आहे. यातली निम्मी विधानं खरी आहेत, म्हणूनच तो लोकांना पटतो. पण त्या खऱ्या विधानांवरून जो सल्ला दिला जातो तो इंजिनाच्या मुळावर येणारा आहे.

कंपन्या फिल्टर स्वतः बनवत नाहीत, हे बहुतेक ठिकाणी खरं. मान अँड हमेल, माले, हेंग्स्ट, डेन्सो यांच्यासारखे पुरवठादार ते बनवतात. पण एका छताखाली बनलेला माल एकाच ड्रॉइंगवरून बनलेला असतो असं कुणी सांगितलं? गाडीची कंपनी पुरवठादाराला सगळं ठरवून देते: फिल्टरचा कागद कसला, त्याचं क्षेत्रफळ किती, कागद तुंबल्यावर तेलाला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह किती दाबाला उघडायचा, रबर कोणतं. तोच पुरवठादार त्याच मापाचा फिल्टर स्वतःच्या नावाने विकत असेल, तर तो निर्धास्तपणे घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र त्याच कारखान्यात तिसऱ्याच ब्रँडसाठी कमी घड्यांचा कागद आणि स्वस्त रबर घालूनही फिल्टर बनू शकतो. शिवाय बाहेरचे ब्रँड अनेकदा एकच फिल्टर डझनावारी मॉडेल्सना ‘चालतो’ म्हणून देतात. म्हणजे तो त्यातल्या प्रत्येक इंजिनासाठी मुद्दाम आखलेला नसतो.

आता सर्वांत घातक मुद्दा, ‘आटे जुळले की झालं’. एम 20 × 1.5 (20 मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) हे आटे कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजिनांवर सापडतात. फिल्टर हाताने घट्ट बसतो, तेल गळत नाही, आणि माणूस समाधानाने बॉनेट बंद करतो. पण जे जुळायला हवं ते पत्र्याच्या आत असतं.

बायपास व्हॉल्व्ह घ्या. थंडीत तेल जाड असतं, किंवा कागद घाणीने भरलेला असतो, तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता पुढे जातं, कारण बेअरिंगला कोरडं ठेवण्यापेक्षा मळकं तेल परवडलं. ही मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी असते. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, काहींत तो फिल्टरमध्ये असायला हवा. मर्यादा हवी त्यापेक्षा कमी असेल, तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह वारंवार उघडतो आणि न गाळलेलं तेल क्रँकच्या बेअरिंगकडे जातं. ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह नाही आणि फिल्टरमध्येही नाही, अशी जोडी जमली तर कागद फाटू शकतो किंवा पुढे तेलच कमी पोहोचतं. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही.

तीच गोष्ट तेल परत ओघळू न देणाऱ्या रबरी झडपेची. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या फिल्टरमध्ये इंजिन बंद असताना तेल टिकवायचं काम ती करते. स्वस्त फिल्टरमध्ये ती सहसा नायट्राइल रबराची असते. उष्णतेने ते कडक होत जातं. सिलिकॉनची झडप जास्त टिकते. झडप निकामी झाली की सकाळी सुरू करताना पहिले काही क्षण चेनचा खडखडाट ऐकू येतो, कारण चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत तेलाचा दाब पोहोचलेला नसतो. आणि ज्या गाड्यांत नुसतं कागदी कार्ट्रिज बदलतात, त्यांतल्या काहींच्या कार्ट्रिजला खाली एक छोटी खुंटी असते. ती हाउसिंगमधलं तेल परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये सोडणारं भोक बंद करते. ती खुंटी नसलेलं कार्ट्रिज ‘बसलं’, तर दाबाखालचं तेल सरळ चेंबरमध्ये पळतं. अशा वेळी ‘बसलं ना’ याला काय अर्थ राहतो?

डब्यावरच्या ‘99 टक्के गाळणक्षमता’ या ओळीचा हवालाही हा मजकूर देतो. किती मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांसाठी 99 टक्के, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. आयएसओ 4548-12 ही चाचणी नेमकं हेच मोजते, कणाच्या आकारागणिक. त्या चाचणीचा आकडा जो ब्रँड उघडपणे देतो, तो बाहेरचा असला तरी माझ्या लेखी विश्वासाचा.

तेल वेळेवर बदललं की फिल्टर कसाही चालतो म्हणे. तेल बदलल्याने काजळी, आम्लं आणि संपलेली रसायनं जातात. पण फाटलेल्या कागदाचे तंतू पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबत नाहीत. व्हॉल्व्ह टायमिंग नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) बारीक जाळी तुंबायला ते पुरेसे असतात.

कंपनीचे पार्टही फेल होतात, हे मात्र मी पूर्ण मान्य करतो. फोक्सवॅगन समूहाच्या बॅलन्स शाफ्टवाल्या (इंजिनाचा कंप कमी करणारा दांडा असलेल्या) काही 2.0 टीडीआय डिझेल इंजिनांत ऑइल पंप फिरवणारा छोटा षटकोनी दांडा झिजून गोल होतो. पंप थांबतो आणि टर्बोसकट इंजिन जातं. बीएमडब्ल्यूच्या 1990 च्या दशकातल्या काही सहा सिलिंडर इंजिनांत ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटचा (दातेरी चाकाचा) नट ढिला होतो. दोन्हींवर बाहेरच्या कारागिरांनी चांगले उपाय काढले. पण नीट पाहा, हे उपाय कुणी काढले? ज्यांनी त्या एका इंजिनाचा नेमका दोष अभ्यासला, त्यांनी. डझनभर मॉडेल्सना चालणाऱ्या अनोळखी फिल्टरला त्यांचं श्रेय लावता येणार नाही. ऑइल पंपात तर फटी मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजतात. तिथे मापाची खात्री नसलेला पार्ट मी कुणालाच सुचवणार नाही, आणि तेलाचा दाब घटला की डॅशबोर्डवरचा दिवा पेटवणारा ऑइल प्रेशर स्विचही नाही. चुकीच्या दाबाला पेटणारा दिवा खरा धोका लपवतो.

वॉरंटीबाबत मजकूर बराचसा बरोबर आहे. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, पार्ट फुकट दिला जात नसेल तर ठरावीक ब्रँडच्याच पार्टवर वॉरंटी अडवता येत नाही. पण बाहेरच्या पार्टमुळेच नुकसान झालं हे कंपनीने दाखवलं, तर त्या नुकसानीचा दावा ती नाकारू शकते. इतर देशांचे नियम वेगळे, ते आपापले तपासावेत.

तेल काढायच्या ड्रेन बोल्टच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वॉशरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. योग्य मापाचा, नवा आणि सपाट असला की कुणाचाही लावा. फिल्टरचं मात्र कॅटलॉगमध्ये आपल्या इंजिनाच्या कोडसमोर बायपासचा दाब आणि झडपेचा प्रकार पाहूनच ठरवा, आणि काढलेला जुना फिल्टर एकदा कापून बघा: घड्या सरळ आहेत का, कागद कुठे चेपला आहे का, झडप बोटाने दाबल्यावर अजून मऊ लागते का.