अडतीस सेंट, एक सेंट आणि टॅक्सीचं मीटर

गेल्या आठवड्यात एका मैफलीनंतर आम्ही चार-पाच जण बाहेर टपरीवर चहा पीत उभे होतो. विषय निघाला आमच्या एका मित्राचा. पेटी उत्तम वाजवतो, चाली छान बांधतो, आणि गेली तीन-चार वर्षं मालिकांची शीर्षकगीतं नि लोणची-मसाल्यांच्या जाहिराती करतो. एक गृहस्थ कटिंग संपवता संपवता म्हणाले, "गेला तो. विकला गेला. आता त्याच्या हातून काही व्हायचं नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मीही गप्पच बसलो. मी बँकेत नोकरी करून तबला वाजवणारा माणूस. माझ्या कलेच्या शुद्धतेचा खर्च दर एक तारखेला बँक भागवते.

घरी आलो तरी ते 'विकला गेला' डोक्यातून जाईना. त्याला कारण आहे. वर्षभर मी अमेरिकन संगीतकारांच्या नादी लागलोय. कानाने सुरुवात झाली, मग वाचन, आणि आता रात्री एक-एक वाजेपर्यंत जागरण. हे लोक कुठल्या घराण्याचे, कुठल्या शैलीचे, हे मी हळूहळू विसरत चाललोय. डोक्यात राहिलंय ते एवढंच, की यांचं पोट कशावर चालायचं? तिथे खरी गंमत आहे.

सुरुवात एका पाकिटापासून करतो. जानेवारी १८६४. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात सदतीस वर्षांचा एक माणूस मरतो. त्याच्या पाकिटात ३८ सेंट निघतात. हा स्टीफन फॉस्टर. 'ओ सुझॅना' त्याचंच. अमेरिकेत ज्याची गाणी घराघरांत, बोटींवर, छावण्यांत गायली जात होती, तो माणूस. तोंडाला काळं फासून गोऱ्या लोकांनी काळ्यांची नक्कल करायची, त्या मिन्स्ट्रेल तमाशांसाठी त्याने बरीच गाणी लिहिली. त्यातले काही शब्द आज वाचताना अंगावर येतात, आणि ते तसे यायलाच हवेत. पण हिशेबापुरतं बोलायचं तर, गाणं खपत होतं आणि गाणं करणारा उपाशी मरत होता. गाणं कुठेही गायलं की करणाऱ्याला काही द्यायचं असतं, असा कायदाच तेव्हा तिथे नव्हता.

आता स्कॉट जॉप्लिन. मिसुरी राज्यातलं सेडेलिया गाव, साल १८९९. हा काळा पियानोवादक दारूच्या गुत्त्यांत आणि त्याहून बदनाम जागी वाजवून पोट भरायचा. गावातल्या जॉन स्टार्क नावाच्या वाद्यविक्रेत्याने त्याचं 'मेपल लीफ रॅग' (रॅग म्हणजे हेलकावत्या ठेक्यावरची पियानोची धून) छापायला घेतलं आणि करार केला: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे जॉप्लिनला एक सेंट. ऐकायला भिकार वाटतं ना? पण त्या काळी बहुतेक प्रकाशक चाल एकरकमी विकत घेऊन मोकळे व्हायचे. त्या मानाने हा करार चांगलाच म्हणायचा. तो एक-एक सेंट त्याला आयुष्यभर मिळत राहिला.

आणि त्याने त्या पैशाचं काय केलं? ऑपेरा लिहिला, म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक. 'ट्रीमोनिशा'. १९११ साली पदरचे पैसे घालून छापला. (त्याच साली आपल्याकडे गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी 'मानापमान' गाजत होतं. नाटकातलं पद बैठकीत गाताना आपल्या गवयांना कमीपणा वाटला नाही, हे आपलं भाग्य.) १९१५ साली हार्लेममध्ये एकदा 'ट्रीमोनिशा' लोकांपुढे मांडला. ऑर्केस्ट्रा नाही, पडदे नाहीत, पियानोवर स्वतः जॉप्लिन. कुणाला भावलं नाही. १९१७ मध्ये तो गेला, आणि १९७४ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाचा साधा दगडही नव्हता. तो दगड येण्याच्या एक वर्ष आधी 'द स्टिंग' चित्रपट आला होता. त्यात त्याचे रॅग वापरले होते आणि त्या रूपांतराबद्दल मार्व्हिन हॅम्लिशला ऑस्करही मिळालं. जॉप्लिनला पुलित्झर हा तिकडचा मानाचा पुरस्कार मिळाला १९७६ मध्ये, म्हणजे मेल्यावर एकोणसाठ वर्षांनी.

जॉप्लिन ज्या वर्षी गेला त्याच वर्षी, जानेवारी १९१७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तो मला फार आवडतो. व्हिक्टर हर्बर्ट हा ऑपेरेटा, म्हणजे हलकेफुलके ऑपेरे, लिहिणारा बडा संगीतकार. ब्रॉडवेवरच्या शॅनलीज नावाच्या हॉटेलात त्याची चाल जेवणाऱ्यांसमोर गायली गेली, म्हणून त्याने हॉटेलवर दावा लावला. हॉटेलवाल्यांचं म्हणणं: आम्ही गाण्याचे पैसे घेतच नाही, लोक पैसे देतात ते जेवणाचे! खालच्या कोर्टांत हर्बर्ट हरला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होम्स यांनी अगदी छोटा निकाल लिहिला. त्यातलं सार असं: संगीतातून पैसा सुटत नसता तर ते बंदच केलं असतं. आणि सुटत असेल, तर तो लोकांच्याच खिशातून येतो.

बस्स. हर्बर्ट आणि मंडळींनी १९१४ मध्ये अॅस्कॅप ही संगीतकारांची संघटना काढली होती. या निकालाने तिच्या हातात काठी आली. हॉटेल, नाचघर, पुढे रेडिओ, सगळ्यांना पैसे मोजणं भाग पडलं. आपल्याकडे चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क कुणी लिहून घेऊ शकणार नाही, अशी दुरुस्ती कायद्यात व्हायला २०१२ उजाडलं. पंचाण्णव वर्षं! तोवर आपले किती फॉस्टर होऊन गेले, ते ज्याचं त्याने आठवावं.

आता माझा लाडका. चार्ल्स आइव्हज. (बँकेतल्या माणसाचा लाडका विमेवालाच असणार!) जन्म १८७४, कनेटिकट राज्यातलं डॅनबरी. वडील बँडमास्तर आणि जरा अवलियाच. दोन बँड दोन वेगळ्या धून वाजवत समोरासमोरून आले की मधोमध काय ऐकू येतं, हे करून बघणारे. पोरगं येल विद्यापीठात शिकलं आणि बाहेर पडून सरळ विम्याच्या धंद्यात शिरलं. ज्युलियन मायरिक या भागीदाराबरोबर 'आइव्हज अँड मायरिक' ही एजन्सी काढली आणि ती जबर चालवली. घरातल्या कर्त्याने किती रकमेचा विमा उतरवावा, यावर त्यांनी लिहिलेलं पत्रक एजंट लोक वापरायचे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी हाच माणूस असं संगीत लिहायचा, की वाजवायला बसलेले लोक पानं मिटून ठेवत. एका वेळी दोन पट्ट्या, तीन लयी, मधेच चर्चमधलं भजन, मधेच लष्करी बँड.

संगीतावर पोट का नाही भरलं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर असं होतं, की चांगली बायको-मुलं असलेल्या माणसाने आपल्या विसंवादी सुरांपायी त्यांना उपाशी कसं ठेवावं? मला हे भयंकर पटतं. आणि पुढचं तर त्याहून. विम्यातून आलेल्या पैशातून त्यांनी १९२२ मध्ये आपली ११४ गाणी छापली आणि लोकांना फुकट वाटली. हेन्री कॉवेल नवनव्या संगीतकारांच्या रचना छापायचा, त्यालाही गुपचूप पैसे पुरवत राहिले. म्हणजे लोकांनी आयुष्याला घाबरून उतरवलेल्या विम्यांच्या हप्त्यांवर अमेरिकेतलं सगळ्यात धाडसी संगीत छापलं जात होतं! तिसऱ्या सिम्फनीला (सिम्फनी म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) १९४७ मध्ये पुलित्झर मिळालं, तर 'बक्षिसं पोरासोरांसाठी असतात' म्हणून ते पैसेही वाटून टाकले. दुसरी सिम्फनी पहिल्यांदा वाजली १९५१ मध्ये, लिहिल्यावर जवळजवळ अर्ध्या शतकाने. लेनर्ड बर्नस्टाइनने कार्नेगी हॉलमध्ये वाजवली. म्हातारा तिकडे फिरकलाच नाही. नंतर रेडिओवर ऐकली म्हणे.

इथे टपरीवरचे गृहस्थ म्हणतील, बघा, आइव्हजने संगीत बाजारात नेलं नाही, म्हणून ते थोर. मान्य. मग जॉर्ज गर्श्विनचं काय करायचं? पंधराव्या वर्षी शाळा सोडून हा पोरगा न्यूयॉर्कमध्ये, टिन पॅन अॅली म्हणतात त्या प्रकाशकांच्या गल्लीत, आठवड्याला १५ डॉलरवर नोकरीला लागला. काम काय? एका खोपटात पियानोशी बसायचं आणि येईल त्या नट-गायकाला कंपनीची गाणी वाजवून दाखवायची. दिवसभर. एकच गाणं बाईच्या पट्टीत, मग बुवाच्या पट्टीत, मग जलद, मग रडवं. बाजारपेठेत साड्या उलगडून दाखवणाऱ्या सेल्समनचं काम, फक्त सुरांत. त्याच्या हातातली ती अफाट सफाई तिथलीच, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी १९२४ मध्ये 'रॅप्सडी इन ब्लू' वाजली तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. सुरुवातीला क्लॅरिनेट जी कण्हत कण्हत वर सरकते, ती अजून ऐकली नसेल तर ही पोस्ट इथेच सोडा आणि आधी ती ऐका.

त्या रचनेचा वाद्यमेळ मात्र फर्डी ग्रोफेने बसवला, हे सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडेही शंकर-जयकिशनांची नावं पोराटोरांना पाठ, आणि त्यांचा वाद्यमेळ बसवणारे गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा विचारले की लोक एकमेकांकडे बघतात. हा विषय वेगळा आहे, त्यावर परत कधीतरी भांडू.

बाजाराचं एवढं कौतुक करतोय, तर त्याच बाजारात कुणाला दुकान लावू दिलं नाही, तेही सांगायला हवं. फ्लॉरेन्स प्राइस. शिकागोत राहणारी काळी बाई, घटस्फोटित, पदरात मुली. मूकपटांना ऑर्गनची साथ करायची, रेडिओच्या जाहिरातींचं संगीत करायची, 'व्ही जे' अशा टोपणनावाने लोकप्रिय गाणी लिहायची. म्हणजे आमच्या मित्राचाच धंदा. आणि १९३३ मध्ये तिची सिम्फनी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवली. एवढ्या मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राने काळ्या स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. दहा वर्षांनी तिने बॉस्टनच्या कुसेवित्स्की या बड्या ऑर्केस्ट्रा-संचालकाला पत्र लिहिलं. त्याची सुरुवातच अशी, की माझ्या वाटेत दोन अडचणी आहेत, एक माझं बाई असणं आणि दुसरी माझा वंश. त्याने तिचं काहीही वाजवलं नाही. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या एका पडक्या घरात तिच्या हस्तलिखितांच्या चळती सापडल्या. ती जाऊन तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. जाहिरातींनी तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. दार कुणी लावून घेतलं, ते त्या पत्रावरून कळतंच.

चित्रपटवाल्यांबद्दल थोडक्यात, नाहीतर रात्र सरेल. बर्नार्ड हरमन. 'सायको'मधल्या त्या न्हाणीघराच्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉकला संगीत नकोच होतं. हरमनने तरी केलं, नुसत्या तंतुवाद्यांवर, आणि त्या किंचाळ्या जगाच्या कानात कायमच्या बसल्या. गंमत अशी, की स्वतः हरमनचा जीव त्याच्या ऑपेरात अडकला होता. तो हयातीत रंगमंचावर आलाच नाही, म्हणून त्याने जॉप्लिनसारखेच पदरचे पैसे घालून रेकॉर्ड करून घेतला. मी तो ऐकलाय. चांगला आहे. पण त्या किंचाळ्या त्याहून चांगल्या आहेत, आणि हे म्हणताना मला जराही लाज वाटत नाही.

शेवटी फिलिप ग्लास. बाल्टिमोरला वडिलांचं रेडिओ-दुरुस्तीचं नि रेकॉर्डचं दुकान. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या वडील घरी आणून ऐकायचे, का खपत नाहीत ते कळावं म्हणून, आणि ऐकता ऐकता त्यांच्याच प्रेमात पडायचे. पोराचे कान त्या न खपलेल्या मालावर तयार झाले. पुढे पॅरिसमध्ये असताना रविशंकरांचं चित्रपटासाठीचं संगीत पाश्चात्त्य वादकांकरता कागदावर उतरवायचं काम मिळालं. ग्लास लिहायचे आणि त्यांचे तबलजी अल्लारखाँसाहेब मान हलवायचे: चुकीच्या जागी वजन पडतंय. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. शेवटी वैतागून ग्लासनी मात्रांचे गट पाडणाऱ्या सगळ्या उभ्या रेघाच खोडून टाकल्या. आणि त्यांना समोर दिसलं, दोन-तीनच्या गटांनी फिरत येणारं आवर्तन. तबल्याच्या पहिल्या महिन्यात मास्तर जे हातावर टाळी देऊन शिकवतात ते! पुढचं त्यांचं सगळं संगीत त्या खोडलेल्या रेघांतून निघालं, असं मला तरी वाटतं.

न्यूयॉर्कला परतल्यावर हा माणूस नळदुरुस्ती करायचा आणि टॅक्सी चालवायचा. एकदा एका घरात भांडी धुण्याचं यंत्र बसवत होते. घरमालक निघाले 'टाइम' मासिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज. ते चपापले. अहो, तुम्ही तर कलावंत! ग्लास म्हणाले, कलावंत आहे, पण कधीकधी प्लंबरही असतो, आता मला काम करू द्या.

नोव्हेंबर १९७६ मध्ये त्यांचा 'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा थिएटरात झाला. थिएटर भाड्याने घेतलं होतं. खेळ हाउसफुल गेले, आणि डोक्यावर कर्ज झालं. ते लगेच टॅक्सीवर परत. ग्लास स्वतः सांगतात, एक बाई मागे बसली, परवान्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, मुला, तुला माहितीये का, तुझं नाव एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं आहे. एक्केचाळीस वर्षांचे होईपर्यंत त्यांची असली कामं चालूच होती. १९८० मध्ये गांधीजींवरचा 'सत्याग्रह' आला, गीतेतले श्लोक संस्कृतातच ठेवून केलेला ऑपेरा, तेव्हा कुठे टॅक्सी सुटली होती.

हे सगळं त्या दिवशी टपरीवर बोलायचं होतं. सुचलं मात्र घरी, चपला काढताना.

काल त्या पेटीवाल्या मित्राला फोन केला. शनिवारी मसाल्याच्या एका नव्या जाहिरातीचं रेकॉर्डिंग आहे, ढोलकीवाला आजारी पडलाय, येतोस का म्हणाला. वीस सेकंदांचा तुकडा, पण सात मात्रांत बांधलाय आणि शेवटची तिहाई (समेवर येणारा, तीनदा वाजवायचा तुकडा) अशी ठेवलीय की त्याला ती मला फोनवर तीनदा वाजवून दाखवावी लागली. सकाळी नऊला पोहोचायचंय. मानधन किती, ते विचारून ठेवलंय.