वर बघून घेतलेलं घर

घर घेताना लोक नळ सोडून बघतात, भिंतीला हात लावून ओल चाचपतात, खिडक्या नीट लागतात का ते तपासतात. आम्ही वर बघितलं. दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उघड्या लाकडी तुळया होत्या, आणि त्या दिसल्यावर आम्हा दोघांची हनुवटी पुढची दहा मिनिटं खाली आलीच नाही. घर दाखवणारा माणूस हुशार होता. तो एक शब्द बोलला नाही. न्हाणीघराचं दार लागत नाही हे आम्हाला राहायला आल्यावर कळलं.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. ही म्हण ज्याला सुचली त्याच्या घरात फॉल्स सीलिंग असणार. (तुळई म्हणजे वासा नव्हे, वासा उतरत्या छपराला असतो, हे मला माहीत आहे. पण म्हण दुरुस्त करायला आता उशीर झाला.) आमच्याकडे कोणी सोफ्यावर पाठ टेकली की दोन मिनिटांत त्याचे ओठ हलायला लागतात. माझ्या मोजणीत तुळया नऊ. नवऱ्याच्या मोजणीत साडेनऊ, कारण कडेची एक अर्धी भिंतीत गेली आहे. या अर्ध्यावरून आमच्यात जेवढं बोलणं झालं तेवढं लग्न ठरवतानाही झालं नव्हतं.

सजावटीची सुरुवात अर्थातच भांडणानं झाली. तुळया काळपट होत्या. गडद तुळया छताला खाली ओढतात, खोली बुटकी दिसते. पांढऱ्या केल्या तर छत चार बोटं वर गेल्यासारखं वाटतं. हे माझं मत. लाकडाला रंग फासणाऱ्याला क्षमा नाही, हे नवऱ्याचं. शेवटी तह झाला की एकच तुळई रंगवून बघायची. मधली निवडली, कारण तीच सगळ्यांत देखणी होती. सरळसोट, कुठे भेग नाही, कुठे बाक नाही. बाकीच्या तिच्यापुढे म्हाताऱ्या वाटायच्या. रंगाऱ्यानं तिला दोन हात दिले आणि ती अशी काही उजळली की नवरासुद्धा गप्प झाला. शितावरून भाताची परीक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी उरलेल्या सगळ्या रंगवायला घेतल्या.

चौथ्या दिवशी त्यांच्यावर तपकिरी डाग उमटले. मला वाटलं वरून पाणी गळतंय. नवऱ्यानं गच्चीवर जाऊन पाहिलं, गच्ची कोरडी ठणठणीत. रंगाऱ्यानं तिसरा हात दिला. डाग तिसऱ्या हातातूनही वर आले, आधीपेक्षा ताजेतवाने होऊन. मग रंगारी शांतपणे म्हणाला, "लाकडातलं टॅनिन आहे ते. पाण्याच्या रंगात विरघळतं आणि वर येतं. आधी लाखेचा प्रायमर मारायला हवा होता." हे ज्ञान त्याच्याकडे पहिल्या हाताच्या वेळीही असणार. पण माणूस विचारल्याशिवाय बोलणारा नव्हता, आणि "टॅनिन आहे का हो?" असं आम्ही तरी कसं विचारणार?

मग तो रंग खरवडायचा ठरला. एका हितचिंतकानं सांगितलं, वाळूचा झोत मारून घ्या, एका दिवसात काम होतं. काम होतं हे खरं, पण लाकडातल्या वार्षिक वलयांचा मऊ भाग वाळू खाऊन टाकते आणि टणक भाग तसाच उरतो. तुळईला नालीदार पत्र्यासारख्या रेघा पडतात. तेव्हा पत्रीनं, हातानं. तीन रविवार नवरा शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. वर तोंड करून काम करायचं म्हणजे खरवडलेलं सगळं आपल्याकडेच येतं. त्यानं डोळ्यांना गॉगल लावला, तोंडाला मास्क बांधला. शिडी धरणाऱ्याच्या केसांचा विचार मात्र कोणी केला नाही. त्या तिन्ही रविवारी माझ्या डोक्यावर हिमवर्षाव चालू असायचा.

तेवढ्यात भुसा दिसला. सोफ्यावर पिठासारखा, बारीक. पत्रीचा नव्हे, हा वेगळा. वर बघितलं तर तुळईला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. नवऱ्यानं रात्री दोन वाजेपर्यंत लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांविषयी वाचलं आणि सकाळी आमचं घर कोसळल्याची बातमी मला अर्ध्या झोपेत दिली. मग सुतारकाकांना बोलावलं.

सुतारकाका वर न बघता आधी सोफ्याकडे बघून म्हणाले, "याच्यावर काळा कागद पसरा ताई, आणि काही दिवस थांबा. नवा भुसा पडला तर आत जीव आहे. नाही पडला तर किडा कधीच घर सोडून गेलाय, तुम्ही हादरे दिल्यामुळे जुना भुसा गळतोय." पुढचे पंधरा दिवस आमच्या सोफ्यावर काळा कागद होता आणि पाहुणे खुर्च्यांवर. एक जण कागदावर बसलाच. उठल्यावर नवरा त्याच्या पाठीमागून वाकून भुसा शोधत होता. ते गृहस्थ परत आलेले नाहीत. भुसाही परत आला नाही.

भेगांचं कोडंही काकांनीच सोडवलं. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र बरंच आकसतं, म्हणून भेगा तुळईच्या लांबीनं पडतात. "भेग लांबीनं गेली तर झोपा. खालच्या अंगाला आडवी गेली तर उठा," ते म्हणाले. तेव्हापासून रात्री कुठे कडकन आवाज झाला की नवरा बॅटरी घेऊन भेगेची दिशा बघून येतो आणि "लांबीनं" असं म्हणून घोरायला लागतो.

मला मधोमध एक दिवा टांगायचा होता. काकांनी बजावलं की तुळईच्या खालच्या कडेला खाच मारायची नाही, विशेषतः मधोमध. भार आला की तुळईचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं ताणलं जातं. ताणलेल्या जागी कापलंत तर तिला वेगळं निमित्त लागत नाही. हे ऐकून नवऱ्याला गॅलिलिओ आठवला. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईला वजन टांगून विचार केला होता, आणि तुळईची उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते हे बरोबर सांगितलं होतं. म्हणूनच तुळई उभी बसवतात, फळीसारखी आडवी नाही. नवऱ्यानं हे लाकडी पट्टी आधी आडवी आणि मग उभी धरून, वाकवून दाखवलं. ताकदीचा नेमका आकडा मात्र गॅलिलिओचाही चुकला होता, हे मी नंतर वाचून काढलं आणि योग्य वेळेसाठी जपून ठेवलं. त्या काळात गॅलिलिओ स्वतःच्या घरात नजरकैदेत होता, म्हणजे छताकडे बघण्यावाचून त्यालाही दुसरा उद्योग नसणार. पण शिडी कोणी धरली होती, ते इतिहासात नाही.

काका मात्र दिव्याची जागा ठरवायला एकेक तुळई बोटांनी वाजवत चालले होते. ठक. ठक. ठक. मधलीपाशी आले. भप्.

त्यांनी पुन्हा वाजवली. भप्.

"ताई, ही तुळई नाही."

"मग काय आहे?"

"फोम. आतून पोकळ. वायरी झाकायला कोणीतरी चिकटवलीय."

मी खाली बसले, काळ्या कागदावरच. नमुना म्हणून रंगवली ती ही. डाग पडला नाही तो हिला. जिच्याकडे बघून आम्ही बाकीच्यांना म्हातारं म्हटलं ती ही. जिच्यात टॅनिन तर सोडाच, झाडाचं पानसुद्धा कधी गेलं नव्हतं. नवरा बराच वेळ वर बघत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे साडेआठ."

उरलेल्या साडेआठांना आम्ही जवसाचं तेल दिलं. त्याच्या चिंध्या चुरगाळून टाकायच्या नसतात. ते तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून आम्ही त्या बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळत घातल्या. शेजारच्या आजींनी दोन दिवस त्या पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी जुने पण धड असे चार कपडे आणून दिले.

प्रश्न उरला मधलीचा. काढावी तर वायरी उघड्या पडतात. ठेवावी तर साडेआठ तपकिरी तुळयांमध्ये एक पांढरीशुभ्र. नवऱ्यानं ती अंगावर घेतली. चार तपकिरी छटा आणल्या, कोरड्या कुंचल्यानं रेषा ओढल्या, खिळ्यानं किड्याची भोकं पाडली, लांबीनं जाणारी एक भेग रंगवली आणि तिच्या टोकाशी एक गोल गाठ काढली, वलयांसकट. नोकरीत त्यानं कधी एवढं मन लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गेल्या आठवड्यात त्याचे साहेब आले. दिवाणखान्यात पाऊल टाकताच त्यांची हनुवटी वर गेली. नवा गालिचा त्यांनी पाहिला नाही, पडदे पाहिले नाहीत. सगळ्या तुळयांवरून नजर फिरवून ते मधलीखाली थांबले.

"अशी गाठ आता बघायला मिळत नाही हो," ते म्हणाले. "जुनं लाकूड ते जुनं लाकूड."

नवरा नम्रपणे हसला. मी पडद्याची घडी नीट केली.

साहेब गेल्यावर मी दिवे मालवायला आले, तर खोलीच्या मधोमध पुन्हा शिडी लावलेली. नवरा वरच्या पायरीवर, हातात कुंचला.

"अरे, आता काय?"

"जरा शिडी धर," तो म्हणाला. "तिच्या शेजारी या बाकीच्या खोट्या वाटतात. एकेक गाठ रंगवून टाकतो."