रेशमाला ब्लीच लावायला सांगणारा तो मेसेज

काल दुपारी मावशीचा फोन आला. "अगं, बादलीला ब्लीचचं एक झाकण पुरेल की दोन घालू?" कशासाठी म्हणून विचारलं, तर रेशमी ओढणीवरचा पिवळा डाग काढायचा होता. 'रेशीम घरच्या घरी नव्यासारखं करा, पाच सोपे उपाय' हा मेसेज तिला आला होता. मलाही आठवडाभरात तो तीन ग्रुपवर आलाय आणि मी न वाचताच पुढे जात होते. मावशी बादली भरून बसली म्हटल्यावर वाचला. राग आला, म्हणून लिहितेय.

तिसऱ्या उपायापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांनी कपडा बिघडेल, याने माणूस. 'पिवळे डाग जाण्यासाठी ब्लीचच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, नंतर वास घालवायला त्यातच व्हिनेगर ओता.' त्यातच! ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात, बादलीवर वाकलेल्या माणसाच्या थेट नाकात. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, श्वास कोंडतो. दमा असलेल्याच्या तर जिवावर बेतू शकतं. कुणी चुकून ओतलंच असेल, तर बादली तिथेच सोडून आधी मोकळ्या हवेत जा.

आता रेशमाचं काय होतं ते. रेशीम हे केसांसारखं, लोकरीसारखं प्रथिन आहे आणि हायपोक्लोराइट प्रथिनाच्या साखळ्या तोडतं. मिश्र कापडात रेशीम किंवा लोकर किती आहे हे मोजायची आयएसओ १८३३-४ ही आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत आहे. कापडाचा तुकडा हायपोक्लोराइटच्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला ४० मिनिटं हलवत ठेवतात. रेशीम विरघळून जातं, सूत मागे राहतं, त्याचं वजन करतात. त्या द्रावणात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्लोरीन असतो, आणि घरातल्या बाटलीतलं ब्लीचही साधारण त्याच ताकदीचं असतं. प्रयोगशाळा जे रेशीम नाहीसं करायला वापरते, ते हा मेसेज रेशीम उजळायला सांगतोय. पाणी घालून पातळ केलं तर तेच काम सावकाश होतं. कपडा आधी आणखी पिवळा पडतो, मग घडीवर विरतो.

पहिला उपाय खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा. 'फेस आला की मळ सुटतो.' फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो, मळाशी त्याचा संबंध नाही. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारतात, हाती धड काहीच उरत नाही. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: नुसतं पांढरं व्हिनेगर, शेवटच्या पाण्यात, बादलीला दोन चमचे, हे खरंच उपयोगी आहे. साबणाचा राहिलेला अंश निघतो आणि चमक परत येते.

'कडक उन्हात वाळवा.' नको. उन्हाने रेशीम पिवळं आणि ठिसूळ होतं, सावलीत वाळवा. 'घड्यांमध्ये डांबरगोळ्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा.' हेही नको. ओल कोंडून बुरशी येते, आणि त्या गोळ्यांची वाफ लहान मुलांना अपायकारक असते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, पुरे.

राहिला पाचवा, 'कोणतंही रेशीम घरी धुता येतं'. अर्धं खरं. पुष्कळसं येतं, पण आधी लेबल वाचा. मग आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर कपडा घरी धुऊ नका. धुवायचा तर थंड पाणी, सौम्य साबण, दोन-चार मिनिटं. एन्झाइमवाली पावडर अजिबात नको. रक्ता-दुधाचे डाग म्हणजे प्रथिनं, ती पचवणारं एन्झाइम रेशीमही कुरतडतं. आणि पिळू नका. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघतं.

मावशीने ओढणी अजून बादलीत टाकली नव्हती. ब्लीच ओतून दिलं, संध्याकाळी आम्ही दोघींनी ती साध्या पाण्यात धुतली. डाग थोडा फिका झाला, गेला नाही. घामाचा डाग इतका जुना झाला की तिथे रेशमाचाच रंग बदललेला असतो. मावशी म्हणाली, "राहू दे, डाग आतल्या घडीत घेईन."