‘कोट एस्केप केला की झालं’? नाही, झालं नाही

कोडिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरतो. सर्च फॉर्ममध्ये कोण कुठला फिल्टर भरेल ते आधी कळत नाही, म्हणून तिथे प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून व्हॅल्यू डेटाबेसला वेगळी देणं) चालत नाही. स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा बनवा, कोट (अवतरणचिन्ह) एस्केप करा, म्हणजे त्याच्या आधी तिरपी रेघ घाला, आकड्यांना तर तेही नको. छोट्या साइटवर येतंय कोण! पण असं केलं की फॉर्ममध्ये टाइप केलेला मजकूर क्वेरीचाच भाग होऊन नको ती माहिती बाहेर काढू शकतो; यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. नव्या मुलांना हे शिकवलं जातंय याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फिल्टर बदलतात, म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट नाही.’ अहो, बदलतो तो क्वेरीचा सांगाडा, आणि तो आपणच लिहितो. पायथनमध्ये दोन लिस्ट घ्या, एक अटींची आणि एक व्हॅल्यूंची. गाव भरलं असेल तर पहिलीत ‘गाव = ?’ आणि दुसरीत माणसानं टाइप केलेलं गाव. वय भरलं तर ‘वय >= ?’ आणि ते वय. शेवटी अटी ‘अँड’नं जोडायच्या आणि एक्झिक्यूटला क्वेरी व व्हॅल्यू वेगवेगळ्या द्यायच्या. फिल्टर दहा असोत की वीस, बाहेरचं एक अक्षरही क्वेरीच्या मजकुरात शिरत नाही. ‘इन’साठी (अनेक व्हॅल्यूंपैकी कुठलीही एक चालेल, अशी अट) जितक्या व्हॅल्यू तितकी प्रश्नचिन्हं मोजून घाला. फक्त लिस्ट रिकामी असेल तर ती अटच वेगळी हाताळा, कारण रिकामा कंस मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन्ही डेटाबेसना चालत नाही.

‘आकड्यांना एस्केप नको.’ आयडीच्या जागी कुणी ‘५ ऑर १=१’ पाठवलं तर? त्यात कोट आहेच कुठे? एस्केप करणाऱ्या फंक्शनला करण्यासारखं काही उरत नाही आणि सगळं टेबल बाहेर येतं.

बरं, कोट असला तरी एस्केपवर भिस्त ठेवता येते का? पीएचपी या भाषेनं हाच उपाय ‘मॅजिक कोट्स’ या नावानं आपोआप करून पाहिला. २००९मध्ये ५.३ आवृत्तीत तो नको म्हणून जाहीर केला, २०१२मध्ये ५.४मधून काढूनच टाकला. त्या काळातली वसईकडची एक सभासद यादी माझ्याकडे आली होती. डी'सोझा, डी'मेलो अशा नावांत कोटच्या आधी एक तिरपी रेघ, आणि ज्यांचा पत्ता दुरुस्त झालेला त्यांच्या नावात तीन-तीन. पाकिटांवर तसंच छापलं गेलेलं. माणसाचं नाव बिघडवून मिळालेली सुरक्षाही पक्की नव्हतीच: जीबीके या चिनी एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) विशिष्ट बाइट कोटच्या आधी ठेवला, की पीएचपीच्या ॲडस्लॅशेस या एस्केप करणाऱ्या फंक्शननं घातलेली रेघ त्या बाइटला चिकटून एक चिनी अक्षर होते आणि कोट मोकळा राहतो.

‘सॉर्टिंगला प्लेसहोल्डर, म्हणजे ते प्रश्नचिन्ह, चालत नाही.’ हे मात्र खरं आहे. कॉलमचं किंवा टेबलचं नाव बाइंड करता, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या जागी देता येत नाही. एसक्यूलाइटमध्ये ‘ऑर्डर बाय ?’ लिहून पाहा: एररही येत नाही आणि क्रमही लागत नाही, कारण तुमचं कॉलमचं नाव त्याला नुसती एक स्ट्रिंग वाटते. यातच माणूस तासभर घालवतो आणि वैतागून स्ट्रिंग जोडायला लागतो. इथे डिक्शनरी ठेवा. फॉर्ममधून ‘नवे आधी’ आलं तर नोंदणीच्या तारखेचा उतरता क्रम, ‘नावानुसार’ आलं तर नावाचा कॉलम, आणि यादीत नसलेलं काही आलं तर ठरलेला डीफॉल्ट. क्वेरीत जातं ते डिक्शनरीतलं, म्हणजे आपणच लिहिलेलं.

राहिलं ‘येतंय कोण’. कमजोर पानं शोधणारे प्रोग्रॅम साइटचा आकार बघत नाहीत. ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीतून २०१५मध्ये १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँक खात्याचे तपशीलही. कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला. एसक्यूएल इंजेक्शन ज्या तीन पानांतून झालं, ती २००९मध्ये विकत घेतलेल्या टिस्काली या इंटरनेट कंपनीच्या ब्रिटनमधल्या धंद्याबरोबर आली होती आणि ती अजून चालू आहेत हे कंपनीला ठाऊकच नव्हतं.