तक्रारीच्या आधीचं काय?

मुलांचा घरात होणारा छळ कसा रोखावा यावरचा लेख वाचला. 'संशय आला की लगेच कळवा' यावर त्याचा सगळा भर आहे. ते हवंच, पण तोवर मूल मार खाऊन बसलेलं असतं. आधीच्या महिन्यांवर लेखात जेमतेम दोन ओळी, आणि खरी मेख तिथेच आहे.

तान्ह्या बाळाचं रडणं साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. झोपेविना, एकटं पडलेलं माणूस नेमकं तेव्हा भान हरपून बाळाला गदागदा हलवतं. मेंदूला इजा व्हायला तेवढं पुरतं. अशा वेळी बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं बाजूला झालं तरी चालतं. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं!

अमेरिकेत एल्मायरा इथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस नर्स गरोदरपणापासून मूल २ वर्षांचं होईपर्यंत घरी जायच्या. १५ वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळ-हेळसांडीच्या नोंदी नर्स न गेलेल्या घरांच्या तुलनेत जवळपास निम्म्याच होत्या.

नर्स नसेल तिथे शेजाऱ्यांनी निदान तासभर बाळ सांभाळावं. आपण मात्र भिंतीपलीकडून 'किती रडवते पोराला' एवढंच म्हणतो.