इसार देण्याआधी

पहिल्या घराविषयी जो सल्ला आपल्या वाचनात येतो, तो बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी लिहिलेला असतो. वर्धा जिल्ह्यात आर्वी, देवळी किंवा समुद्रपूरसारख्या ठिकाणी एखादा शिक्षक, आरोग्यसेविका किंवा शेती सांभाळून कृषी केंद्र चालवणारा माणूस घर घ्यायला निघतो, तेव्हा तो मुळात जमिनीचा तुकडा विकत घेत असतो. म्हणून माझे मत असे आहे की, आपल्याकडे घराच्या तयारीचा मोठा भाग पैसा जमवण्याचा नसून इसार (सौदा ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी ती जमीन तपासण्याचा आहे, आणि नेमका तोच भाग आपण दलालाच्या भरवशावर सोडून देतो.

गावठाणातील जुने घर घेताना विक्रेता ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतो आणि घेणारा समाधानी होतो. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे. त्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. त्यामुळेच अशा घरावर कर्ज द्यायला अनेक बँका कचरतात. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. आपल्या गावाची पत्रके तयार झाली असतील, तर ते पत्रक पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेल्या घराबद्दल तर लिहायलाही नको. नोंदणीकृत विक्रीपत्राशिवाय मालकी येत नाही, हे आपल्या सर्वांना ठाऊक असते. तरीही ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून व्यवहार होतातच.

प्लॉट असेल तर सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, परंतु तो घेणारे पुष्कळ आणि त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचणारे थोडे. सेवा सहकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथेच दिसतो. भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे हस्तांतरणावर बंधन असलेली जमीन) असा उल्लेख असल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे. विनोबांच्या पवनारचा हा जिल्हा असल्याने भूदानात मिळालेल्या जमिनीही आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हस्तांतरणावर बंधने आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. आणि झुडपी जंगल! पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ही नोंद आढळते. अशी जमीन वन संवर्धन कायद्याच्या अर्थाने वनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे कोणी स्वस्तात प्लॉट देत असेल, तर तो स्वस्त का आहे हे वेगळे सांगायला नको.

फेरफारांची, म्हणजे नावे बदलल्याच्या नोंदींची, साखळी मात्र शांतपणे, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेऊनच पाहावी. आपल्याकडे वडील वारले की मुलांची नावे चढतात आणि बहिणींची राहून जातात. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. बहिणींच्या नोंदणीकृत हक्कसोडपत्राविना किंवा विक्रीपत्रावरील त्यांच्या सहीविना घेतलेल्या प्लॉटवर पुढे दावा आला, तर दोष बहिणींचा नसतो.

‘एनए (बिगरशेती परवानगी) होऊन जाईल’ या आश्वासनावर तर एक रुपयाही देऊ नये. एनएटीपी (बिगरशेती आणि नगररचना मंजुरी) झालेला ले-आउट म्हणजे मंजूर नकाशा, रस्ते आणि मोकळी जागा. शेतात चुन्याने आखलेल्या रेघा म्हणजे ले-आउट नव्हे. शिवाय विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कूळ कायद्याच्या कलम ८९ नुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही, आणि शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर बंधन घालणारा तुकडेबंदीचा कायदा त्याहूनही जुना, १९४७ चा आहे.

कागदांइतकीच माती महत्त्वाची आहे. आपली काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलेल्या घराच्या भिंतींना काही वर्षांतच तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा अभियंत्याच्या सल्ल्याने वेगळ्या पद्धतीचा घ्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे, यावर जोत्यापर्यंतचा खर्च ठरतो, म्हणून खड्डा खोदून पाहिल्याशिवाय दोन प्लॉटच्या भावांची तुलना करता येत नाही. जागा एकदा मे महिन्यात आणि एकदा भर ऑगस्टमध्ये पाहावी. ले-आउट साधारण उन्हाळ्यातच दाखवले जातात, हा काही योगायोग नाही.

आता पैशांचे थोडक्यात. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के रक्कम देऊ शकते. मात्र घर दहा लाखांहून महाग असेल, तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल तीस हजार रुपये. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि ती घ्यावी असे मी आग्रहाने म्हणेन. पंधरा लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर किस्त सुमारे १३,००० रुपये येते. तेच पंधरा वर्षांत फेडायचे ठरवले तर महिन्याला सुमारे पावणेदोन हजार रुपये जास्त जातात, पण एकूण साडेचार लाखांहून अधिक व्याज वाचते. पगारदाराला हे गणित जमते. ज्याचा पैसा कापूस-तुरीतून दिवाळी ते होळी एवढ्याच काळात हाती येतो, त्याने मात्र उरलेल्या महिन्यांच्या किस्ती आधी मुदत ठेवीत बाजूला ठेवून मगच कर्जाचा अर्ज करावा.

इतके तपासत बसलो तर भाव वाढतील, अशी भीती घातली जाते. भाव वाढतात, हे खरे आहे. पण थांबायला तयार नसलेल्या विक्रेत्याशीही एक मार्ग काढता येतो. इसार लहान द्यावा, चेकने द्यावा आणि इसारपत्रातच लिहून घ्यावे की, शोध अहवालात दोष निघाल्यास किंवा त्या कारणाने बँकेने कर्ज नाकारल्यास ठरावीक मुदतीत पूर्ण रक्कम परत मिळेल. ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याला ही अट मान्य करायला अडचण नसते. जो ती ऐकूनच चिडतो, त्याच्या प्लॉटचा नाद सोडलेला बरा.